कोल्हापूर परिसरातील नायटी: जागा, ओळख, नोंद आणि नियंत्रण

कोल्हापुरात पावसाळा सुरू झाला की घराच्या पायरीच्या कडेला, फरशीच्या सांध्यात, बसथांब्यामागच्या मुरमात आणि उसाच्या बांधावर तांबूस खोडाची, समोरासमोर पाने असलेली एक बुटकी वनस्पती उगवते. तिचे खोड मोडले की पांढरा चीक येतो. कुणी तिला दुधी म्हणतात, कुणी नायटी, तर कुणी गोवर्धन. परंतु ही नावे घेणारे सगळे जण एकाच वनस्पतीबद्दल बोलत असतात असे नाही. आपल्या भागात या नावांखाली किमान पाच-सहा वेगवेगळ्या वर्षायू जाती मिसळल्या जातात. औषधासाठी वनस्पती गोळा करणारा, सोयाबीनमधले तण ओळखू पाहणारा शेतकरी, रानभाजी खुडणारी गृहिणी आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी या सर्वांनाच त्यातली नेमकी जात कोणती हे कळण्याची गरज असते.

या जाती वेगळ्या करणे अवघड नाही, पण पाहण्याचा क्रम ठरवून घ्यावा लागतो. बहुतेक जण पानापासून सुरुवात करतात आणि पानावरच थांबतात; गोंधळ होतो तो तिथेच, कारण पान पाण्याप्रमाणे, उन्हाप्रमाणे आणि तुडवण्याप्रमाणे बदलते. माझ्या मते आधी जागा पाहावी, निर्णय बोंडावर, म्हणजे फळावर, सोपवावा आणि मधल्या सगळ्या खुणा आधार म्हणून वापराव्यात. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

कोणत्या जातींचा विचार करायचा

युफोर्बिया ही सुमारे दोन हजार जातींची, एरंड कुळातील मोठी प्रजाती आहे. कुंपणाला लावला जाणारा शेर, माळावरचा त्रिधारी निवडुंग आणि थंडीत वरची पाने लाल होणारी पॉइन्सेटिया ही सगळी याच प्रजातीतली आहेत. येथे मात्र एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून मरून जाणाऱ्या लहान जातींपुरताच विचार केला आहे.

त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे मोठी नायटी, अर्थात युफोर्बिया हिर्टा. कार्ल लिनियसने १७५३ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली असून आज जगाच्या जवळजवळ सर्व उष्ण भागांत पसरली आहे. जमिनीला चिकटून पसरणाऱ्या दोन जाती, युफोर्बिया थायमिफोलिया आणि युफोर्बिया प्रोस्ट्राटा, यांना सरसकट लहान नायटी म्हटले जाते. तशीच पसरणारी पण पूर्णपणे गुळगुळीत असलेली युफोर्बिया सर्पेन्स कुंड्यांत आणि ओलसर फटींत आढळते. उभट वाढणाऱ्या युफोर्बिया हायपेरिसिफोलिया आणि युफोर्बिया इंडिका या दोघी एकमेकींसारख्या दिसतात. शेवटची युफोर्बिया हेटेरोफायला. शेतीविषयक लिखाणात हिलाच जुन्या नावाने जेनिक्युलाटा म्हणतात. ती उंच वाढते, पिकात शिरते आणि शेतकऱ्याला खरा त्रास देते ती हीच.

पहिली पायरी: जागा वाचणे

नायटीची जागा समजून घ्यायची तर तिच्या पानातली एक गोष्ट आधी माहीत असावी. मोठी नायटी आणि वर सांगितलेल्या सर्व लहान पानांच्या जाती प्रकाशसंश्लेषणासाठी ऊस आणि मका वापरतात तीच सी-४ पद्धत वापरतात. या पद्धतीत पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड एकवटला जातो, त्यामुळे रंध्रे फारशी उघडी न ठेवताही पानाचे काम चालू राहते आणि कडक उन्हात पाण्याची बचत होते. हेटेरोफायलाकडे ही सोय नाही. म्हणूनच दुपारी हात लावू देणार नाही अशा तापलेल्या सिमेंटच्या फटीत मोठी नायटी टिकते, तर हेटेरोफायला नांगरलेल्या, खत-पाणी मिळालेल्या जमिनीत माजते. शहरातली फट आणि शेतातली सरी या दोन जागा मनात वेगळ्या ठेवल्या की निम्मे काम झाले असे समजावे.

शोधाची सुरुवात दगड आणि फरशीपासून करावी. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, रंकाळ्याच्या काठचा दगडी बांध, जुन्या पेठांमधल्या वाड्यांच्या जोत्यांचे सांधे आणि सोसायट्यांच्या वाहनतळातल्या ठोकळ्यांमधील वाळू अशा जागी माती जेमतेम बोटभर असते आणि उंच झाडाला वाव नसतो. अशा ठिकाणी थायमिफोलिया आणि प्रोस्ट्राटा दगडाला चिकटून गोल पसरतात, तर मोठी नायटी सांध्याच्या कडेने अर्धवट लवून वाढते. पायांखाली सतत तुडवल्या जाणाऱ्या भागात पसरट जाती मिळतात आणि त्याच भागाच्या कडेला, जिथे पाय कमी पडतो तिथे, मोठी नायटी उभी राहते. ही सीमा कित्येकदा वीतभर अंतरात स्पष्ट दिसते. ती एकदा नीट बसून पाहावी, कारण त्यातून या वनस्पतींचा स्वभाव जितका कळतो तितका वर्णन वाचून कळत नाही.

त्यानंतर मुरमाड, उघड्या जागा पाहाव्यात: मैदानांच्या कडा, शाळांची पटांगणे, मार्केट यार्डासारख्या मालाच्या चढउताराच्या जागा, नुकतेच खोदून बुजवलेले रस्त्याचे काठ. नायटीला सावली मानवत नाही. गवत कमरेइतके वाढले की ती मागे हटते आणि जमीन पुन्हा उकरली गेली की परत येते, त्यामुळे जिथे जमीन नुकतीच उघडी पडली आहे तिथे ती हमखास शोधावी. रेल्वेमार्गाच्या खडीतही ती उगवते. तथापि रुळांवर उतरणे धोक्याचे आणि कायद्याविरुद्ध असल्याने तो मोह टाळावा.

रोपवाटिका आणि कुंड्या हे तिसरे ठिकाण. सर्पेन्स आणि हायपेरिसिफोलिया या जाती कुंडीतल्या मातीबरोबर गावोगाव जातात. नवीन रोप विकत आणल्यावर त्याच्या बुडाशी महिन्याभरात उगवणारी गुळगुळीत, पसरट, बारीक पानांची वेल ही बहुधा यांपैकी सर्पेन्स असते.

शेतात जायचे झाल्यास जिल्ह्याचा पूर्व आणि पश्चिम असा भेद ध्यानात घ्यावा. शिरोळ, हातकणंगले भागात खोल काळी माती आणि कमी पाऊस आहे. पश्चिमेला गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे तांबडी, जांभ्यावरची माती आणि त्याच्या कित्येक पट पाऊस आहे. हेटेरोफायला शोधायची तर पूर्वेकडचे सोयाबीन, भुईमूग आणि उसाच्या कडा पाहाव्यात. मोठी नायटी दोन्हीकडे मिळते, पण पश्चिमेच्या अतिपावसाच्या पट्ट्यात ती जुलैमध्ये दबून राहते आणि पाऊस ओसरल्यावर वाढीला लागते. त्यामुळे एकाच आठवड्यात शिरोळला बोंडावर आलेले झाड आणि गगनबावड्याला जेमतेम रोप दिसले, तर त्या दोन वेगळ्या जाती आहेत असा निष्कर्ष घाईने काढू नये.

पूर ओसरल्यावरचा गाळ ही एक स्वतंत्र आणि माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची जागा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांनी प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांपासून शिरोळपर्यंत पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठी पाणी पसरवले. असे पाणी उतरल्यावर मागे राहणारा गाळ म्हणजे कोरी जमीन असते. जुनी झाडोरी कुजून गेलेली असते आणि प्रवाहाबरोबर आलेले बी त्यात पडलेले असते. अशा गाळावर पहिल्या काही आठवड्यांत काय उगवते याची तारीखवार नोंद ठेवली, तर कोणते तण कोणत्या बाजूने गावात येते हे पुढे समजू शकते. हे काम गावातच राहणारा माणूस उत्तम करू शकतो आणि ते झाले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

पन्हाळा आणि मसाई पठार यांच्याबाबत वेगळी काळजी हवी. पठारावर जाणाऱ्या वाटेच्या कडेला, गाड्या लावण्याच्या जागी आणि खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांभोवती मोठी नायटी दिसू शकते, परंतु वाट सोडून आत जांभ्याच्या कातळावर आणि गवतात गेल्यास सह्याद्रीच्या स्वतःच्या युफोर्बिया जाती भेटतात. त्यांतली युफोर्बिया रोथियाना ही गुळगुळीत, एकाआड एक अरुंद पानांची आणि टोकाला हिरवट-पिवळ्या झुबक्यांची असते. काही जाती तर जमिनीखालच्या कंदावर जगतात. चीक सगळ्यांनाच येतो. म्हणून पठारावर चीक दिसला की नायटी समजून उपटणे हे नुकसानकारक आहे. तिथे फक्त पाहावे आणि छायाचित्र घ्यावे. राधानगरी अभयारण्यात तर परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती काढण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मनाई आहे.

केव्हा जावे, सोबत काय न्यावे

वळवाच्या पावसानंतर रोपे दिसू लागतात, पण ओळखीसाठी ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत सोयीचा असतो, कारण तेव्हा एकाच फांदीवर फूल, कोवळे बोंड आणि पिकलेले बोंड एकत्र मिळतात. नळाच्या गळतीजवळ, बागेत किंवा पाटाच्या कडेला मोठी नायटी उन्हाळ्यातही हिरवी असते. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, वही, पेन्सिल, काही कागदी पाकिटे, स्वच्छ पाण्याची बाटली आणि पातळ हातमोजे असावेत. भिंगाशिवाय हे काम होत नाही. मोबाइलला लावायची साधी मॅक्रो लेन्सही चालते.

दुसरी पायरी: चीक, आणि त्याबाबतची खबरदारी

पान देठाजवळ हलकेच तोडावे. युफोर्बियाच्या ताज्या पानातून लगेच पांढरा, दाट थेंब येतो. फार वाळलेल्या किंवा उन्हाने कोमेजलेल्या झाडात तो क्षीण असतो. अशा वेळी बुडाजवळचे खोड मोडून पाहावे. चीक हा एकटा पुरावा नव्हे. रुई, उतरण आणि पाथरी यांनाही पांढरा चीक येतो, पण त्यांची फुले इतकी वेगळी आहेत की गोंधळ टिकत नाही.

युफोर्बियाच्या चिकात त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना दाह करणारी द्रव्ये असतात. चीक लागलेल्या बोटांनी डोळा चोळला तर तीव्र आग, सूज आणि काही काळ अंधुक दिसणे असा त्रास होऊ शकतो. भिंगातून पाहताना हात आपोआप चेहऱ्याजवळ येतो, त्यामुळे धोका याच कामात अधिक असतो. तोडण्याचे काम हातमोजे घालून करावे आणि पाहण्याआधी हात साबणाने धुवावेत. डोळ्यात चीक गेलाच तर डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा ते वीस मिनिटे सोडावी, कोणताही घरगुती पदार्थ घालू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लहान मुलांना सोबत नेल्यास चिकाचा खेळ होणार नाही याकडे लक्ष द्यावे.

येथेच औषधी वापराबद्दल लिहिणे योग्य होईल. दमा, आव आणि त्वचेच्या तक्रारी यांवर नायटी वापरण्याची परंपरा भारतात आणि इतर अनेक देशांत आहे. आयुर्वेदात दुग्धिका या नावाखाली या वनस्पतींचा उल्लेख केला जातो. फिलिपिन्समध्ये मोठ्या नायटीचा काढा डेंग्यूच्या रुग्णाला देण्याची प्रथा आहे आणि ती माहिती आपल्याकडेही मोबाइलवरून फिरत असते. परंतु डेंग्यूत जीव वाचतो तो वेळेवर दिलेल्या द्रवांमुळे आणि रक्ताच्या तपासण्यांवर ठेवलेल्या लक्षामुळे. काढ्यावर विसंबून दवाखान्यात जायला उशीर करणे हे जिवावर बेतू शकते. फटीतल्या नायटीवर गाड्यांचा धूर, सांडपाणी आणि तणनाशकाचा फवारा यांपैकी काहीही असू शकते, ही गोष्टही विसरू नये. वैद्यांच्या सल्ल्याशिवाय ती पोटात घेऊ नये.

तिसरी पायरी: खोड आणि पान

मोठ्या नायटीचे झाड साधारण १५ ते ५० सें.मी. लांबीचे असते. खोड तांबूस किंवा पिवळसर असून त्यावर, विशेषतः शेंड्याकडे, लांब पिवळसर लव असते. पाने १ ते ४ सें.मी. लांब, समोरासमोर, कडा बारीक दातेरी आणि मधोमध पुष्कळदा जांभळट डाग. पानाचा तळ पाहावा: देठाच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा रुंद आणि खाली उतरलेला असतो. हा विषम तळ मोठ्या नायटीप्रमाणेच सर्व लहान पानांच्या जातींत आढळतो आणि हेटेरोफायलात आढळत नाही.

पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिल्यास शिरांचे जाळे आजूबाजूच्या भागापेक्षा गडद हिरवे दिसते. वर सांगितलेल्या सी-४ पद्धतीचेच हे दृश्य रूप आहे, कारण हरितद्रव्याने भरलेल्या पेशी शिरांभोवती कड्यासारख्या मांडलेल्या असतात. कोवळ्या आणि स्वच्छ धुतलेल्या पानात ते अधिक चांगले दिसते. विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाशिवाय हा विषय दाखवायचा असेल तर याहून सोपे साधन मला माहीत नाही.

थायमिफोलिया आणि प्रोस्ट्राटा यांची पाने जेमतेम ४ ते ८ मि.मी. लांबीची असतात आणि फांद्या गुलाबी, जमिनीवर सपाट पसरलेल्या असतात. सर्पेन्सच्या पानांना दाते नसतात, झाड पूर्ण गुळगुळीत असते आणि पेरांवर मुळे फुटतात. दोन पानांच्या देठांमधला पांढुरका त्रिकोणी पापुद्रा ही तिची उत्तम खूण आहे. हेटेरोफायलाची खालची पाने एकाआड एक, वरची समोरासमोर असतात आणि एकाच झाडावर अंडाकृतीपासून खाचदार कडांपर्यंत सगळे आकार मिळतात. झाड गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढू शकते. तिच्या वरच्या पानांच्या तळाशी ठळक लाल रंग दिसला तर ती बहुधा बागेतून निसटलेली युफोर्बिया सायाथोफोरा असते. त्या दोघींचा निकाल पुढच्या पायरीत लागतो.

थंडीत पानांवर पांढरी भुरी येते आणि लव झाकली जाते. अशा पानांवरून लवेचा निर्णय करू नये.

चौथी पायरी: फुलांचा पेला

नायटीचे जे एक फूल वाटते ते फूल नसून अनेक फुलांचा मिळून बनलेला एक मिलिमीटरभर पेला असतो. आत मध्यभागी एकच मादी फूल आणि तिच्याभोवती काही नर फुले असतात. प्रत्येक नर फूल म्हणजे केवळ एक पुंकेसर. पाकळी म्हणावी असे काही नसते. पेल्याच्या काठावर मधाच्या ग्रंथी असतात आणि लहान पानांच्या जातींत त्या चार असून त्यांच्या कडेला पांढरट किंवा गुलाबी झालर असते, तीच आपल्याला पाकळीसारखी भासते. मुंग्या आणि बारीक माश्या या ग्रंथींवर येतात. हेटेरोफायलाच्या पेल्यावर सहसा एकच ग्रंथी असते आणि तिचे तोंड गोल असते. सायाथोफोरात ते आडवे, दोन ओठांसारखे चपटे असते. भिंग नीट धरले तर हा फरक क्षणात कळतो.

पेल्यांची मांडणीही पाहावी. मोठ्या नायटीत ते पानांच्या बेचक्यात आणि टोकाला दाट, गोलसर गेंदांत भरलेले असतात, ही मांडणी दुरूनही ओळखू येते. हायपेरिसिफोलिया आणि इंडिकात झुबके सैल, देठ असलेले असतात. पसरट जातींत पेले एकेकटे किंवा थोडे थोडे येतात.

पाचवी पायरी: बोंड

मादी फुलाचे बोंड तीन कप्प्यांचे असते आणि देठावर पेल्याबाहेर लोंबते. प्रत्येक कप्प्यात एक बी. मोठ्या नायटीचे बोंड एक ते दीड मिलिमीटरचे असून त्यावर सर्वत्र दाबून बसलेली लव असते. हे पाहण्यासाठी फांदी काळ्या कागदावर ठेवून तिरप्या उजेडात भिंग धरावे. समोरून पडणाऱ्या उजेडात लव लपते आणि बोंड गुळगुळीत असल्याचा भास होतो.

पसरट जातींत हाच भाग निर्णायक आहे. प्रोस्ट्राटाच्या बोंडावर लव फक्त तीन धारांवर, रांगेने उभी असते आणि धारांमधला भाग मोकळा असतो. थायमिफोलियाच्या बोंडावर लव सगळीकडे असते आणि त्याचा देठ इतका आखूड असतो की बोंड पेल्याबाहेर पूर्ण पडतच नाही, उलट वाढताना पेला एका बाजूने फाडते. सर्पेन्सचे बोंड पूर्ण गुळगुळीत असते. उभट जोडीत हायपेरिसिफोलियाचे बोंड गुळगुळीत, इंडिकाचे लवदार. पाने कितीही सारखी दिसली तरी या खुणा सहसा दगा देत नाहीत; म्हणूनच कोवळ्या, बोंड नसलेल्या झाडावर जातीचे नाव लिहिण्याऐवजी «बोंडाअभावी अनिश्चित» अशी नोंद करून त्याच जागी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावे, हेच मला योग्य वाटते.

बी पाहायचे असल्यास पिकत आलेली फांदी कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवावी. बोंडे वाळताना तडकतात आणि बी झटक्याने बाहेर फेकले जाते. पाकिटाच्या आतून टकटक आवाजही येतो. मोठ्या नायटीचे बी खसखशीच्या दाण्याइतके बारीक, तांबूस, चार धारांचे असते. हेटेरोफायलाचे बी सुमारे अडीच मिलिमीटरचे आणि खरखरीत असते. या गटातील अनेक जातींच्या बियांवर पाणी लागताच बुळबुळीत थर येतो. बशीत थेंबभर पाणी घेऊन त्यात चार बिया टाकाव्यात आणि काही मिनिटांनी सुईने हलवून पाहाव्यात. असे ओले बी चपलेच्या तळाला, बैलाच्या खुराला किंवा टायरला चिकटून सहज पुढे जाऊ शकते.

घोळ आणि भुईआवळी यांच्याशी होणारी गल्लत

घोळीची भाजी खुडताना पसरट नायटी हाती येऊ शकते. दोघींची खोडे तांबूस आणि जमिनीलगत असतात, पण घोळीचे खोड आणि पान मांसल असते आणि मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो. प्रत्येक जुडीतल्या दोन-चार काड्या मोडून पाहाव्यात आणि एकाही काडीत पांढरा चीक दिसला तर ती जुडी सोडवून निवडून घ्यावी. भुईआवळीला चीक नसतो आणि तिची फळे फांदीखाली ओळीने लागतात.

नोंद कशी ठेवावी

नोंदवहीत तारीख, गाव, नेमकी जागा, जमीन किंवा दगडाचा प्रकार, ऊन-सावली, तुडवण, शेजारच्या वनस्पती आणि झाडाची अवस्था हे सर्व लिहावे. «कोल्हापूर, रस्त्याकडेला» या नोंदीचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही. त्याऐवजी «कळंबा तलावाच्या बांधाचा उतार, मुरूम, पूर्ण ऊन, गाड्या लावण्याची जागा, सोबत एकदांडी आणि हरळी, बोंडे पिकलेली» असे लिहिले तर दहा वर्षांनी दुसरा माणूस त्याच जागी उभा राहून बदल तपासू शकतो. छायाचित्रे किमान चार घ्यावीत: पूर्ण झाड जागेसकट, पानाचा तळ, पेल्यांचा झुबका आणि बोंड पट्टीसह. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर ती टाकताना बोंडाचे छायाचित्र नसेल तर ओळख पक्की होणे कठीण, हे आधीच समजून असावे.

नमुना वाळवायचा असल्यास झाड मुळासकट काढून माती झटकावी, चीक वाहणे थांबेपर्यंत टिपकागदावर धरावे आणि वर्तमानपत्राच्या घड्यांत पाने सुटी पसरून दाबात ठेवावे. काही पाने उलटी करून ठेवावीत, म्हणजे खालची बाजूही दिसते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत कागद सकाळ-संध्याकाळ बदलावेत, अन्यथा बुरशी येते आणि पाने गळतात. वाळलेला नमुना सुमारे ४२ बाय २८ सें.मी.च्या जाड कागदावर लावून सुटलेल्या बोंडांसाठी त्याच कागदावर एक लहान पाकीट चिकटवावे. शंका उरली तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे असलेल्या संग्रहातील नमुन्यांशी, आधी परवानगी घेऊन, आपला नमुना पडताळून पाहता येतो.

शेतातून आणि अंगणातून काढताना

अंगणातली नायटी पावसानंतर, माती ओली असताना, खुरप्याने मुळासकट काढावी. नुसता शेंडा तोडल्यास बुडातून नव्या फांद्या फुटतात आणि झाड अधिक पसरते. फरशीच्या सांध्यांतली झाडे काढल्यावर सांधा वाळू-सिमेंटने भरून घ्यावा, कारण मोकळा सांधा पुढच्या पावसात पुन्हा भरतो. मोठ्या नायटीचे एक झाड हजारोंनी बी देऊ शकते, त्यामुळे गेंद दिसू लागण्याआधीची खुरपणी नंतरच्या चार खुरपण्यांपेक्षा मोलाची असते.

सोयाबीनमध्ये हेटेरोफायलाकडे पहिल्या महिन्यातच लक्ष द्यावे. पीक दाटण्याआधी एक कोळपणी आणि ओळीतली भांगलण वेळेवर झाली तर ती सावलीखाली दबते. उशीर झाल्यास ती पिकाच्या वर निघते, काढणीवेळी तिच्या चिकाने आणि ओल्या काड्यांनी मळणीत अडचण येते आणि तिचे बी धान्यात मिसळते. एकाच प्रकारचे तणनाशक दरवर्षी वापरण्यात धोका आहे. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या शेतांत इमाझेथापायर या तणनाशकाच्या गटातील औषधांना दाद न देणारी हेटेरोफायला तयार झालेली आहे आणि तोच गट आपल्याकडेही सोयाबीनमध्ये वापरला जातो. फवारणीनंतर काही झाडे ताजीतवानी उभी राहिली तर मात्रा वाढवण्याऐवजी ती झाडे बी धरण्याआधी हाताने उपटावीत आणि पुढच्या हंगामात कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने औषधाचा गट बदलावा.

उसाच्या खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरल्यास जमिनीवर ऊन पडत नाही आणि बारीक बियांच्या नायटीची उगवण मोठ्या प्रमाणावर रोखली जाते. हेटेरोफायलाचे बी मोठे असल्याने तिची काही रोपे पाचटातूनही वर येतात. ती भरणीच्या वेळी वेचून काढावीत. उपटलेली झाडे बांधावर टाकू नयेत, कारण बोंडे आधीच भरलेली असतील तर ती वाळताना तडकून बी सरळ पाटात उडते आणि पाण्याबरोबर शेजारच्या शेतात पोचते. ती पोत्यात भरून बाजूला न्यावीत आणि पूर्ण वाळेपर्यंत पोत्याचे तोंड बांधून ठेवावे. कंपोस्टच्या खड्ड्यात घालायची असल्यास बोंड न धरलेलीच घालावीत. बोंडे धरलेली झाडे वाळल्यावर पोत्यातच राहू द्यावीत आणि गावच्या पद्धतीप्रमाणे सुरक्षित ठिकाणी नष्ट करावीत.